देमास कुठे गेला?

आज आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत, त्याच्यावर सहसा कुणी उपदेश करत नाही. त्याचं नाव देमास. नव्या करारात तो तीनदाच भेटतो. पण ती तीन वचनं एकापाठोपाठ वाचून बघा, अंगावर काटा येतो.

फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल आपल्या सहकाऱ्यांचे सलाम कळवतो : मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक. कलस्सैकरांच्या पत्रात लूक वैद्य आणि देमास जोडीने येतात. (तिथे लूकाला 'प्रिय' म्हटलंय आणि देमासाचं नुसतं नाव आहे, म्हणजे तेव्हाच काहीतरी बिनसलं होतं, असं काही जण सांगतात. मला ते ओढूनताणून वाटतं.) आणि मग २ तीमथ्य, अध्याय ४. पौल बेड्यांमध्ये आहे, हिवाळा तोंडावर आहे, राहिलेला झगा घेऊन ये म्हणून तो तीमथ्याला कळवतो. आणि तिथेच लिहितो की देमास मला सोडून थेस्सलनीकेला गेला, कारण त्याला हे सध्याचं जग आवडलं.

बघा हं, क्रेस्केस आणि तीतसुद्धा गेलेच होते, एक गलतीयाला, एक दालमतियाला. त्यांच्याबद्दल पौलाची तक्रार नाही. म्हणजे प्रश्न जाण्याचा नव्हता. आणि देमासाने मूर्तीपुढे धूप जाळला किंवा ख्रिस्ताला शिव्याशाप दिले, असंही पौल म्हणत नाही. प्रेमाची जागा बदलली, एवढंच. थेस्सलनीका म्हणजे मासेदोनियाची राजधानी, मोठं बंदर, व्यापाराचं शहर. तिथे मंडळीही होती. एका कैद्याच्या सोबतीला राहण्यापेक्षा तिथलं जगणं नक्कीच सोपं होतं.

आपल्याला वाटतं, विश्वास सोडणं म्हणजे एक दिवस ठरवून दार आपटून बाहेर पडणं. तसंही होतं. पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला जो इशारा आहे, तो वाहवत जाण्याचा. होडी बुडत नाही, फुटत नाही, फक्त नांगर सुटलेला असतो. आतल्या माणसाला हलल्यासारखंही वाटत नाही. ज्यांना हे पत्र लिहिलं, ती कच्ची माणसं नव्हती. दहावा अध्याय सांगतो की त्यांची मालमत्ता लुटली गेली, तेही त्यांनी आनंदाने सोसलं होतं. छळात टिकलेली ही माणसं आता थकली होती, आणि काही जणांनी एकत्र जमणंच सोडलं होतं.

आपल्याकडे काय होतं? नोकरीसाठी शहर बदलतं, रविवारची उपासना एकदा चुकते, मग महिनाभर. घरी आई विचारते, "चर्चला जातोस ना रे?" आपण "हो" म्हणतो. पहिल्यांदा तसं म्हणताना मनाला टोचतं. दहाव्यांदा टोचत नाही. धोका आहे तो इथे, त्या न टोचण्यात. तिसऱ्या अध्यायात याला मन कठीण होणं म्हटलंय. देव बोलायचा थांबत नाही, आपले कान बंद होत जातात.

सहाव्या अध्यायातला इशारा तर फार कडक आहे. प्रकाश मिळालेले, चव घेतलेले लोक पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असा. तो मऊ करून सांगायचा मला अधिकार नाही. मात्र ऐकणाऱ्यांत कुणी असेल, जो रात्री जागून विचार करतो की माझ्यासाठी आता दार बंद झालं का? त्याला मी एवढंच सांगेन, ज्याचं मन पूर्ण कठीण झालंय त्याला ही भीती वाटत नाही. आणि देमासाच्या पुढचंच वचन वाचा.

तिथे पौल तीमथ्याला सांगतो की येताना मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. हा मार्क कोण? जो पंफुल्यात काम अर्धवट टाकून परत गेला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका वाद झाला की दोघं वेगळे झाले. फिलेमोनाच्या पत्रात मार्क आणि देमास एकाच यादीत आहेत. इथे एक जण निघून गेलाय आणि एकाला बोलावणं आलंय.

मार्क परत कसा आला, बर्णबाने त्याच्यासाठी काय केलं, हे पुढच्या भागात बघू. तोपर्यंत तुमच्या मंडळीतला जो कुणी वर्षभर दिसलेला नाही, त्याला या आठवड्यात फोन करा. "का येत नाहीस" हे विचारू नका. नुसतं "कसा आहेस" म्हणा.