डोंगरवाटेचा हलका बूट



या व्यासपीठावर विद्वान मंडळींनी बोलावे आणि आम्ही मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, हा आजवरचा शिरस्ता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे झाले ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही बोनस किंवा कंत्राटी मजूर असे काही सांगू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही म्हणालो, "बूट." चिटणीस हसले. पण बूट हा कष्टकऱ्याचा विषय नाही तर कोणाचा? आणि या विषयात आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती चारचौघांत सांगावी, म्हणूनही आम्ही उभे आहोत.

पन्नाशी उलटली तेव्हा डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा सांगितला आणि म्हणाले, भाषणे पुरे, आता पाय हलवा. साताऱ्याच्या माणसाला पाय हलवायला लांब जावे लागत नाही. अजिंक्यतारा डोक्यावरच उभा आहे. आधी चाललो, मग धावू लागलो. आपल्या गावी २०१२ सालापासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट हजारो लोक धावून चढतात, हे आपण जाणताच. पण तो डांबरी रस्ता आहे. डांबर सोडून पाऊलवाटेला लागले की बुटाची खरी परीक्षा सुरू होते.

प्रथम वजनाचा हिशेब करू. दहा किलोमीटर धावायला साधारण दहा हजार पावले पडतात. प्रत्येक बूट शंभर ग्रॅमने जड असला, तर दहा हजार वेळा शंभर ग्रॅम, म्हणजे एक हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल जादा माल आपण सकाळच्या प्रहरी फुकट उचलला. हमालाने याची मजुरी मागितली असती. दर बुटामागे शंभर ग्रॅम वाढले की धावणाऱ्याची शक्ती शेकडा एकच्या आसपास जास्त खर्च होते, असे प्रयोगशाळांतही मोजले गेले आहे. डोंगरावर धावायचा हलका बूट दोनशे ते तीनशे ग्रॅमचा असतो. कारखान्यातला लोखंडी टोपीचा बूट अर्धा किलोच्या घरात किंवा त्याहून जड असतो. तो पायावर पडणाऱ्या लोखंडासाठी केलेला आहे, धावण्यासाठी नव्हे.

पण हलकेपणा फुकट मिळत नाही. वजन काढायचे म्हणजे तळातले रबर पातळ करायचे, कापड विरळ करायचे, टाचेचा आधार कमी करायचा. तो बूट लवकर झिजतो आणि दगड तळपायाला जाणवतो. म्हणून सर्वांत हलका बूट मागू नये. आपल्या वाटेला पुरेल इतके संरक्षण आधी ठरवावे आणि मग त्यातला हलका निवडावा. खडे फार असतील तर तळाच्या आत प्लास्टिकसारख्या पदार्थाची पातळ पट्टी बसवलेला बूट मिळतो. थोडे वजन वाढते, पण तळवा वाचतो.

आता तळ पाहू. या तळामागे माणसांचे मरण आहे. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये वादळात सापडून सहा गिर्यारोहक दगावले. त्यांच्या पायांतले बूट त्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडले नव्हते. त्यांचा सोबती विताले ब्रामानी याने ही गोष्ट मनावर घेतली आणि १९३७ साली खोल दातांचा रबरी तळ तयार केला. आज व्हिब्रम नावाने जो तळ विकला जातो, तो हाच. सोबती मेले म्हणून बूट सुधारला. कामगारांच्या सुरक्षिततेचे नियमही बहुधा असेच जन्माला आले आहेत.

तळाचे दात समजण्यासाठी ट्रॅक्टरचे टायर आणि मोटारीचे टायर शेजारी ठेवा. चिखलाला ट्रॅक्टरचे टायर हवे: पाच-सहा मिलिमीटर खोल, एकमेकांपासून दूर असलेले दात, म्हणजे चिखल अडकून राहत नाही. कोरड्या कातळावर तेच दात डगमगतात. तिथे तीन-चार मिलिमीटरचे, जवळजवळ बसवलेले दात बरे. आपल्या सह्याद्रीत दोन्ही आहे. वर जांभ्याचे खरखरीत पठार, खाली काळा कातळ, मधे मुरमाचा घसारा आणि पावसाळ्यात चिखल. मधल्या खोलीचा दात बहुतेकांना पुरतो. रबर मऊ असेल तर ओल्या दगडाला चांगले धरते, पण लवकर झिजते. कडक असेल तर टिकते, पण घसरते. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणत्याही बुटावर विसंबू नये. तिथे चालावे, त्यात कमीपणा नाही.

पाणी आत न शिरणारा बूट म्हणून एक महाग प्रकार दाखवतात. थंड मुलखात, ओल्या गवतातून जाताना तो उपयोगी पडत असेल. आपल्या आषाढात पाणी बुटाच्या तोंडातूनच आत शिरते आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. आपल्याला जाळीदार कापडाचा, पाणी गाळून टाकणारा बूटच सोयीचा.

तळाची उंचीही पाहावी. जाड, मऊ फोम रस्त्यावर सुखाचा वाटतो. वाकड्यातिकड्या वाटेवर मात्र उंच तळ म्हणजे उंच स्टूल, घोटा लवकर मुरगळतो. टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे, तेही विचारावे. काही बुटांत हा फरक शून्य असतो, काहींत दहा मिलिमीटर किंवा अधिक. फरक कमी असला की पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर ताण वाढतो. वाईट काही नाही, पण सवय हळूहळू करावी. पहिल्याच दिवशी किल्ला गाठू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे माप. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय सुजतो. धावताना घालतो तेच मोजे घालून पाहावा. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, टाच मात्र उचलली जाऊ नये. दुकानात उताराची फळी नसेल तर जिन्यावरून उतरून पाहावे. चढताना कोणताही बूट चांगला वाटतो. खरे-खोटे उतारावर कळते. पाय पुढे सरकला तर नखे काळी पडतात आणि पाय आत फिरला तर घोटा जातो.

ही गोष्ट आम्हांला ठाऊक होती. पूर्वी एका कारखान्यात आमच्या मागणीपत्रातले एक कलम असे होते: प्रत्येक कामगाराला त्याच्या पायाच्या मापाचा बूट मिळावा. तिथल्या गोदामात सात आणि नऊ अशी दोनच मापे ठेवलेली असत. आठ नंबरचा माणूस मुकाट्याने नऊ नंबर घेई आणि पुढे चिंध्या कोंबी. त्या कलमासाठी आम्ही दोन महिने भांडलो आणि ते मिळवले.

आणि नंतर काय केले? आमच्या एका सभासदाचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटरची धाव. दम वाढावा म्हणून रोज किल्ल्यावर धावे, पायात शाळेतले फाटके कॅनव्हास. आम्ही नवे बूट घेतले होते. आमचे जुने, पण महागाचे, चांगल्या दातांचे बूट त्याला दिले. दिले तेही गेटवर, चार लोकांसमोर. माप विचारले नाही. त्याचा पाय आमच्याहून एका नंबराने लहान. त्याने दोन मोजे घातले आणि धावला. आठ दिवसांनी उतरताना घसाऱ्यावर पाय बुटाच्या आत फिरला, घोटा मुरगळला आणि भरतीचा दिवस त्याने खाटेवर काढला.

त्याच्या बापाने आम्हांला एक शब्द बोलून दाखवला नाही. मुलाला विचारले, "अरे, बूट मोठा होता तर बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "काका, तुम्ही दिलेला. नको कसं म्हणायचं?"

मंडळी, गोदामापुढे आठ नंबरचा कामगार नऊ नंबर घेतो, तीच ही भीड. मालकापुढची भीड मोडायला आम्ही तीस वर्षे घालवली. पण आमच्यापुढेही कोणाला भीड पडते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

१९९३ साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या लेडव्हिल येथे डोंगरातली शंभर मैलांची शर्यत झाली. ती जिंकली मेक्सिकोच्या रारामुरी जमातीतल्या व्हिक्टोरियानो चुरो या ५५ वर्षांच्या शेतकऱ्याने, टायरच्या तळाच्या वहाणा घालून. यावरून बूट फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. त्याचा पाय लहानपणापासून वहाणेला सरावलेला होता आणि वहाण त्याच्या पायाला बांधलेली होती. किंमत कितीही असो, पायाला जे बसते तेच पायताण खरे.

तेव्हा एवढेच मागणे आहे. भरतीच्या पोरांना बूट देणारे दाते या गावात पुष्कळ आहेत आणि ते चांगले काम आहे. पण देण्याआधी पोराला कागदावर उभे करा, पेन्सिलीने पाय आखून घ्या आणि मग दुकानात जा. आणि पोरांनो, बूट चावत असेल, मोठा होत असेल, तर देणारा कितीही मोठा असो, त्याला तोंडावर सांगा. त्या मुलाला आम्ही नंतर दुकानात नेले. तिसरा जोड त्याला बसला. पहिले दोन त्याने स्वतःच्या तोंडाने नाकारले, याचा आम्हांला जास्त आनंद झाला.