बाकावरची जागा



२७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपण दहावीत होतो. माझ्या बाकावरची शेजारची जागा महिनाभर रिकामी होती. "अभ्यासाला घाबरून पळाला," असं मीच म्हणालो होतो. तुम्ही हसलात.

काल रात्री त्याने सांगितलं, गावातलं घर जाळलं होतं, वह्या-पुस्तकांसकट.

मग मीही सांगितलं, ठरावाविरुद्धच्या मोर्चात मी घोषणा दिल्या होत्या.

"माहीत आहे," तो म्हणाला. "गुलमंडीवर पाहिलं होतं तुला."

तरीही तो परत येऊन माझ्याच शेजारी बसला होता. १९९४ला नामविस्तार झाला. आम्हाला हे बोलायला आणखी तीस वर्षं लागली.

तो इथेच बसलाय. पुढचं त्यालाच बोलू द्या.