सुट्टी सर्वांची व्हावी



केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना वर्षातल्या १४ सुट्ट्या देशभर ठरलेल्या आहेत. त्यांत २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ३ राष्ट्रीय. उरलेल्या ११ मध्ये दसरा, दिवाळी, दोन्ही ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद, नाताळ, गुड फ्रायडे, महावीर जयंती, गुरुनानक जयंती आणि आपली बुद्ध पौर्णिमा आहे. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. घटनेच्या २५ व्या कलमाने सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिले, त्या देशाला हेच शोभते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दसराच होता. त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून एकाच लाल तारखेला शेजारी सोनं वाटतात आणि आपली माणसं दीक्षाभूमीला जातात. कुणाचं काही बिघडत नाही.

पण बंधूंनो, ही सुट्टी पगारी माणसाची. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी आपली भगिनी, यांनी खाडा केला की रोजी बुडते. सकाळी दहाच्या वंदनेला ती कशी येणार?

म्हणून विहार समितीला माझी विनंती आहे. बुद्ध पौर्णिमेची मुख्य वंदना रात्री आठला ठेवा. खीरदानही तेव्हाच करा. ईदला शिरखुर्मा, दिवाळीला फराळ पाठवणाऱ्या शेजाऱ्यांनाही आवर्जून बोलवा. कामावरून थकून आलेला माणूस त्या रात्री विहारात बसला, तर त्या सुट्टीचं चीज झालं असं मी समजेन.

नमो बुद्धाय! जयभीम!