काटकसर म्हणजे लाचारी नव्हे
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



 समितीने आम्हाला विषय दिला आहे, घरातील काटकसर. आम्ही सूतगिरणीतले कामगार. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, विहारातल्या कपाटातली पुस्तके काढून वाचले. तेव्हा भाषा विद्वानाची नसेल, ती गोड मानून घ्यावी.

हा विषय ऐकल्यावर आपल्या वस्तीतली एक आजी आम्हाला म्हणाली, "आमले काय शिकाडतस भाऊ काटकसर? आमना जनम त्यामाच गया." आजीचे बोलणे खोटे नाही. १९७२ च्या दुष्काळात याच माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. ज्याच्या ताटात काहीच नव्हते त्याला ताटात टाकू नको म्हणून काय सांगायचे? पण आजीच्या त्या जगण्याला आम्ही काटकसर म्हणत नाही. ती टंचाई होती. टंचाई दुसऱ्याने लादलेली असते, काटकसर आपण आपल्या अकलेने करतो. हा फरक नीट समजला नाही म्हणूनच आज घराघरात गोंधळ चालला आहे.

जरा मागे जाऊ. गावकीत आपल्या वाट्याला काय होते? दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे, मेलेले ढोर, मढ्यावरचे कापड. मनुस्मृतीत तर चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत असे लिहूनच ठेवले होते. बाबासाहेबांनी महाडला १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत आपल्या लोकांना बजावले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वेळी बाबासाहेब आपल्या माय-भगिनींशीही बोलले. लुगडे फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, अंगावर दागिन्यांचे ओझे नको, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. म्हणजे उष्टे टाकून द्यायला सांगणारे बाबासाहेब फाटके टाकून द्यायला सांगत नव्हते. हे आपण विसरलो.

आमच्या आईचा कायदा होता, दुसऱ्याने उतरून दिलेले अंगावर घालायचे नाही. ती पिढी बरोबर होती. पण त्याचा अर्थ पुढच्या पिढीने असा लावला की जुने म्हणजे कमीपणा. आता थोरल्याचा शर्ट धाकटा घालत नाही, चेन तुटली की दप्तर उकिरड्यावर, शिळी भाकरी दिसली की नाक मुरडायचे. लोक काय म्हणतील, ही भीती. आम्ही विचारतो, थोरल्या भावाचा शर्ट हे उतरलेले दान आहे का? तो आपल्या बापाच्या घामाच्या पैशाचा आहे. त्यात कसली लाज?

भगवंतांच्या काळात भिक्खू पांसुकूल चीवर वापरीत. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, शिवायच्या, रंगवायच्या. कापड तेच, मढ्यावरचे. पण आपल्या पूर्वजांवर ते लादले होते, भिक्खूंनी ते स्वतः होऊन पत्करले होते. राजपुत्रही संघात आला की चीवरच नेसायचा.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक हकीकत आहे. कौशांबीला उदेन राजाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला वाटले, एवढी वस्त्रे घेऊन हे काय करणार, दुकान मांडणार की काय? त्याने येऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे झिजली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकीही जुनी झाली म्हणजे? तेव्हा ती बारीक कुटून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. प्रश्न विचारणारा राजा होता म्हणून आनंद कुठे ओशाळले नाहीत, हे लक्षात घ्या.

माता-भगिनींनो, ही गोष्ट तुम्हाला नवी वाटली का? लुगड्याची गोधडी, गोधडीचे पोतेरे, आणि शेवटी जमीन सारवायला तेच. अडीच हजार वर्षांपूर्वीची विद्या तुमच्या हातात होती. आता विचारले तर उत्तर येते, "आते कोन शिवस? बजारमा तयार भेटस."

इथे गिरणीतल्या माणसाचे ऐका. तुमच्या हातून ती विद्या गेली याला कापडही जबाबदार आहे. आनंदांची साखळी सुती कापडाची आहे. सुती लुगडे जुने होते तसे मऊ होते, पाणी पिते, शेवटी मातीत जिरते. पॉलिस्टरची साडी स्वस्त मिळते, सुरकुतत नाही, सगळे खरे. पण तिचे पोतेरे पाणी टिपत नाही, नुसते पसरवते. जाळली तर वितळून चिकटते, पुरली तर वर्षानुवर्षे तशीच. म्हणून अंथरूण, पांघरूण, लेकराचे दुपटे, टॉवेल एवढे तरी सुती घ्या. दोन पैसे जास्त जातील, पण ते कापड चार वेळा उपयोगी पडेल.

आमच्या खात्यात कापसाचा तंतू वाया जाऊ देत नाहीत. पेळू तुटला, रिंग फ्रेमवर धागा तुटून कापूस ओढला गेला, तर तो मऊ वेस्ट गोळा होऊन पुन्हा ब्लो रूमला जातो आणि नव्या कापसात थोडा थोडा मिसळतो. कार्डिंगखाली पडलेला कचराही तोलून विकला जातो, त्यातून जाडेभरडे सूत निघते. पण एकदा पीळ बसलेला धागा परत कापूस होत नाही, तो यंत्रे पुसायला गॅरेजात जातो. गिरणीत हा हिशेब रोज ठेवतात. आपल्या घरात कोण ठेवतो?

मात्र एक गोष्ट ठासून सांगतो. काटकसरीचे व्याख्यान मालकाच्या तोंडून आले तर सावध राहा. पगारवाढ मागितली की 'खर्च कमी करा' म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले. काटकसर ही संघर्षाला पर्याय नाही. उलट संपाच्या महिन्यात ज्याच्या घरी डाळ-दाणा शिल्लक असतो तोच टिकतो.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी कमाईचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन धंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. आमच्या पगारात चौथा भाग शिल्लक पडत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. सिगाल गृहपतीचा मुलगा होता, त्याला तीन पाळ्या नव्हत्या. पण दीघजाणू कोळियाला जे सांगितले ते आपल्याला तंतोतंत लागू पडते. कमाई थोडी आणि थाट मोठा असेल तर लोक म्हणतील, हा उंबर खाणाऱ्यासारखा पैसा खातो. चार उंबरे खायची म्हणून सारे झाड हलवायचे आणि सडा पाडायचा. आणि कमाई भरपूर असून जो पोटाला खात नाही, तो अनाथासारखा मरेल असेही भगवंतच सांगतात. म्हणजे चिकटपणा हीही काटकसर नव्हे. लेकराच्या दुधात पाणी घालून पैसे साठवू नका.

झाड हलवणे पाहायचे असेल तर आपली लग्ने पाहा. आपला विवाहविधी किती साधा. पांढरी वस्त्रे, त्रिसरण-पंचशील, दोन हार. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लावले ते थोडक्या खर्चातच. आता विधी अर्ध्या तासाचा आणि हळदीला डीजे रात्रभर. बचत गटातून शिलाई मशीनसाठी काढलेले कर्ज मंडपात जाते आणि हप्ता आई दुसऱ्याच्या कांद्याच्या शेतात निंदून फेडते. रमाईंनी गोवऱ्या थापून घर चालवले, बाबासाहेबांनी लंडनला पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेतली आणि पुढे त्याच पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधले. वाचवलेला पैसा कुठे गेला, हे तिथे दिसते.

अन्नाचे थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल म्हणतो की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त घराघरांतून. आपल्या खान्देशात उरलेल्या भाकरीचा कुस्करा होतो, उन्हाळ्यात बिबडे-कुरडया वाळतात, त्यात कोणाची मेहरबानी नाही. पाण्याचेही तसेच. आपल्या पांझरेवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे, पाटकरी पाळीपाळीने पाणी देतो. त्या नदीच्या काठी राहून नळ उघडा ठेवणे शोभत नाही.

आता आपल्या विहाराकडे येतो. दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली धुळ्याला न्यायालयाच्या कामासाठी आलेले बाबासाहेब तिथे थांबले होते. आपण वंदन करून निघतो आणि मागे पाण्याच्या बाटल्या, ताटे, चमचे पडलेले असतात. थर्माकोलची ताटे राज्यात २०१८ पासून बंद आहेत, देशात १ जुलै २०२२ पासून, तरी मिळतात आणि आपण घेतो.

म्हणून समितीला आमची सूचना आहे. विहारासाठी स्टीलची दोनशे ताटे आणि तेवढेच पेले वर्गणीतून घ्यावेत. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, ज्याच्या घरी कार्यक्रम असेल त्याने न्यावेत, मोजून आणून द्यावेत. फुटकळ भाडे विहाराच्या पेटीत. प्रश्न येईल, घासणार कोण? बाया स्वयंपाक करून थकलेल्या असतात. म्हणून आजच्या भोजनदानाची भांडी पुरुष मंडळी घासतील. दाराजवळ वही ठेवली आहे, पहिली चार नावे आमच्या पाळीतल्या लोकांची आहेत. पाचव्या ओळीपासून जागा मोकळी आहे.