उत्तराआधी रीत

घरातल्या मुलाला किंवा मुलीला मॅनेजमेंट कन्सल्टिंग कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले, की पेढे वाटले जातात आणि पाठोपाठ आजोबा विचारतात, 'या कंपन्या करतात तरी काय?' थोडक्यात सांगायचे तर त्या इतर कंपन्यांना सल्ला देतात आणि त्याचे पैसे घेतात. हा धंदा जुना आहे. शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये आपली कंपनी काढली. १९६३ मध्ये बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप आणि १९७३ मध्ये बेन सुरू झाली.

अशा मुलाखतींची तयारी मी मुलांकडून करून घेतो. मुलाखतीचे साधारण दोन भाग असतात. पहिल्यात तुमच्याविषयी विचारतात. एखादे अवघड काम कसे पार पाडले, मतभेद कसे मिटवले, वगैरे. इथे 'आम्ही केले' एवढ्यावर भागत नाही. त्यात तुम्ही स्वतः काय केले, हे नेमके सांगावे लागते.

दुसरा भाग म्हणजे 'केस'. समजा, विचारले, '५० लाख वस्तीच्या शहरात केस कापण्याची दुकाने किती?' नेमका आकडा कोणालाच ठाऊक नसतो, विचारणाऱ्यालाही नाही. कॅल्क्युलेटर नसतो, कागद-पेन असते. मग म्हणायचे, निम्मे पुरुष धरू, म्हणजे २५ लाख. प्रत्येक जण महिन्यातून एकदा केस कापतो असे मानू. एका खुर्चीवर दिवसाला १० गिऱ्हाईके, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २५०. तेव्हा खुर्च्या लागतील १० हजार. दुकानात सरासरी अडीच खुर्च्या धरल्या, तर दुकाने ४ हजार. म्हणजे साडेबाराशे माणसांमागे एक दुकान. आपल्या गल्लीकडे पाहून हे पटते का, तेही बोलून दाखवायचे.

दुसरा प्रकार धंद्याचा. एका दूध संघाचा नफा घटला, का? बरीच मुले लगेच म्हणतात, 'स्पर्धा वाढली!' तसे करू नका. नफा म्हणजे विक्रीतून खर्च वजा. विक्री म्हणजे भाव गुणिले लिटर. खर्चात खरेदी, प्रक्रिया, वाहतूक. एकेक विचारत जा. भाव तोच, लिटर तेच, पण वाहतूक लिटरमागे २ रुपयांवरून ३ रुपयांवर गेली असे कळले, तर रोजच्या १ लाख लिटरवर वर्षाला ३ कोटी ६५ लाख रुपये जातात. नफ्याची गळती सापडली! मग टेम्पो अर्धे रिकामे जातात का, हे विचारायचे.

प्रश्नाचे तुकडे पाडणे हे भावांनी जमीन वाटून घेण्यासारखे आहे. एकही तुकडा दोघांच्या नावावर चढता कामा नये आणि एकही सुटता कामा नये.

आता खरी अडचण सांगतो. जिल्ह्याच्या गावांतून आलेली, गणितात पक्की मुले इथे अडतात आणि इंग्रजीला दोष देतात. मी जे पाहिले त्यात पुष्कळदा इंग्रजी आड येत नाही, आड येते ते मौन. मुलगा खाली मान घालून मनातल्या मनात गणित सोडवतो आणि शेवटी एक आकडा सांगतो. समोरच्याला काहीच दिसलेले नसते. शाळेत उत्तर बरोबर असूनही रीत न लिहिल्याबद्दल गुरुजी गुण कापत, आठवते ना? इथेही गुण रीतीलाच अधिक आहेत. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर चालते, पण तिथवर कसे पोहोचलात ते कळले पाहिजे. साधी, छोटी इंग्रजी वाक्ये त्याला पुरतात.

प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारा. विचाराला एक मिनिट मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. समोरच्याने सुचवलेली दिशा वाद न घालता तपासून पाहा.

आणि तयारी एकट्याने वाचून होत नाही. दोघे मित्र समोरासमोर बसा, एकाने विचारावे, दुसऱ्याने मोठ्याने विचार करावा. मित्र नसेल तर आईला समोर बसवा. तिला तुमचा हिशेब कळला, तर मुलाखत घेणाऱ्यालाही कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)