शिशाची गोळी, रंगीत कोट

हेडफोन लावलेत ना? आज एका अमेरिकन छंदाबद्दल बोलू. पण आधीच सांगतो, आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. तेव्हा फक्त ऐका.

अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरच्या गॅरेजमध्ये ओतणारे हौशी लोक आहेत. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ते ओतायला सोपं. पण मऊ असल्यामुळे ते नळीतून जाताना घासतं आणि आत चिकटून बसतं. त्यावर जुना उपाय म्हणजे मेणाचं वंगण. हात चिकट, वर धूर.

मग आलं पावडर कोटिंग. तेच हो, आपल्या खिडकीच्या ग्रिलवर असतं ते! कारखान्यात पावडरला विजेचा भार देऊन ती फवारतात. ही मंडळी गोळ्या आणि पावडर प्लास्टिकच्या डब्यात घालून डबा खुळखुळवतात. फुगा केसांवर घासला की केस उभे राहतात ना, तीच स्थिर वीज. मग ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांना भाजायचं. पावडर वितळून कवच होतं, आतलं शिसं घट्टच राहतं. लाल, निळ्या, हिरव्या... अगदी जेम्सच्या गोळ्या! घरात लहान मूल असेल तर हे दिसणंच धोक्याचं.

आता, ‘शिसं झाकलं, टेन्शन संपलं’ असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जुन्या कोडवर रॅपर चढवला म्हणून आतला बग जातो का? कोट बसतो तयार गोळीवर. त्याआधी वितळलेल्या शिशावर जी मळी येते, तिची धूळ हाताला, कपड्यांना, बुटांना लागून थेट घरात येते. शिवाय काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर असतो. त्यातही बहुतेक वेळा शिशाचं संयुग असतं आणि बार उडाला की ते हवेत जातं. कोट तिथे काय करणार?

शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी म्हणते, मुलांच्या रक्तात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. म्हणून जाणते छंदी ओव्हन पुन्हा कधीच स्वयंपाकघरात नेत नाहीत, कपडे वेगळे धुतात आणि रक्तातलं शिसं तपासून घेतात. त्या रिपोर्टमध्ये कोटचा रंग दिसत नाही, आकडा दिसतो.

चला, प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.