मेंदूज्वर : घटकेचे मोल



बालकांचा मेंदूज्वर हा दैवी कोप नव्हे. त्यामागे अनेकदा विषाणू असतो. नागपूरजवळील चांदीपुरा येथे १९६५ साली असाच एक विषाणू आढळला. २००३ साली विदर्भ व आंध्र प्रदेशात त्याने अनेक बालकांचा बळी घेतला. तीव्र ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी आणि एक-दोन दिवसांत मृत्यू, असा त्याचा वेग. त्यावर लस वा विशिष्ट औषध नाही; वेळीच मिळालेले रुग्णालयीन उपचार हाच आधार होय. म्हणून तापात झटका येताच अंगारे-धुपाऱ्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. हा विषाणू वाळूमाशी पसरविते. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. त्या भेगा लिंपाव्यात, शेणाचे उकिरडे घरांपासून दूर न्यावेत. शिक्षकांनी ही लक्षणे घरोघरी पोहोचवावीत.